परिसंवादातल्या अकरा ओळी

२८ जुलै, सोमवार

दिवाळी अंकाची बैठक, आमच्याच जेवणाच्या टेबलावर. मी, प्रमोद (अक्षरजुळणी, पानं लावणं, सगळं तोच) आणि या वर्षीपासून नीलिमा. पुण्यातली प्राध्यापकी संपवून जूनमध्ये कायमची नाशिकला आली. मीच म्हटलं होतं, ये, अंकाला हात लाव. एकोणीस वर्षं एकटी काढतेय.

परिसंवादाचा विषय अडला होता. मी तीन सुचवले. प्रमोदने तिन्ही वेळा "चालेल" म्हटलं. नीलिमा म्हणाली, "पॉर्न घेऊ. बाईचा अपमान की बाईची ताकद? घरोघरी मोबाइलवर आहे आणि दिवाळी अंकात मात्र आपण अजून फराळाचं लिहितोय."

अरुण पेपर हातात घेऊन आतून बाहेर आला. बायकोच्या बैठकीला तो कधी थांबत नाही. आज खुर्ची ओढून बसला. "हा विषय आहे!"

अपमानाची बाजू माझी. तीस वर्षं तीच लिहितेय. दुसरी नीलिमा (नी.) लिहिणार. प्रत्येकी २२०० शब्द, मुदत ५ सप्टेंबर.

विषय चांगला आहे. मला सुचायला हवा होता.

३१ जुलै, गुरुवार

६०० शब्द झाले. सुरुवात पोस्टरपासून केली. मी आणि नी., दोघी तेविशीच्या, मॉर्निंग शोवाल्या टॉकीजबाहेर. ती शिडी धरायची, मी पोस्टरला डांबर फासायची. पोलिसांनी नावं विचारली तर नी.ने घाबरून वडिलांचं पूर्ण नाव, हुद्दा आणि घराचा पत्ता सांगितला. भाषणात हा किस्सा हमखास हशा घेतो. मग हशा ओसरला की मी गंभीर होते. ठरलेलं आहे सगळं.

दुसरा परिच्छेद लिहिताना जाणवलं, पाठ म्हणतेय. तरी लिहिला. पाठ असलं म्हणून खोटं होत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

नी.च्या भाचीचा साखरपुडा. "वसू, इथं भुवया कुठं करतात गं?" म्हणून तिला मनीषाकडे घेऊन गेले. इंदिरानगरला, गिरणीशेजारचा गाळा. बारा वर्षं मी तिथंच जाते. मनीषाने पार्लर टाकलं त्या पहिल्या महिन्यापासूनची गिऱ्हाईक मी.

नी.ची ओळख करून दिली. "माझी मैत्रीण. मोठी लेखिका आहे." मोठी कशाला म्हटलं कोण जाणे.

माझ्या केसांना मेंदी लावून मला कोपऱ्यात बसवलं आणि मनीषाने नी.ला खुर्चीत घेतलं. चाळीस मिनिटं. काय बोलत होत्या ते पंख्याच्या आवाजात कळलं नाही, फक्त हसणं ऐकू येत होतं. मनीषा एवढी हसते हे मला माहीत नव्हतं. माझ्याशी बोलताना ती ऐकते जास्त.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी नी.चा फोन. "वसू, माझ्या लेखाला माणूस मिळालं. तू बसली आहेस ना?"

मनीषा.

नी. परवा एकटीच पुन्हा गेली होती. बोलता बोलता आपण कशावर लिहितोय ते सांगून टाकलं. अशी ती आहेच, बसमध्ये शेजारच्या बाईलाही सांगेल. मनीषाने हातातला दोरा खाली ठेवला, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाली, "मी करते ते."

दोन वर्षं झाली. घरात, स्वतःच्या फोनवर, एकटी. चेहरा दाखवत नाही. बाहेरची कुठलीशी साइट आहे, वर्गणी भरून लोक बघतात. नी.ला सगळं सांगितलं, लेखात घालायलाही हो म्हणाली. नाव-गाव नको एवढीच अट.

मी फोनवर काय म्हणाले आठवत नाही. "बरं" म्हणाले असेन.

बारा वर्षं, दर तीन आठवड्यांनी. तिला एका भेटीत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मनीषाबद्दल मला काय काय माहिती आहे याची आज मनात उजळणी केली. चांदवडजवळचं गाव, माहेरी कांदा. आई तिथंच, भावाकडे. नवरा मारायचा, सात वर्षांपूर्वी सोडला. तेव्हा वकील मी बघून दिला. वरच्या डाव्या दाताला कॅप. गोड खात नाही. पावसात उजवा खांदा दुखतो.

एवढं माहीत असून काहीच माहीत नव्हतं.

धक्का बसला तो ती काय करते याचा नाही. इतकी वर्षं या विषयावर लिहितेय, अशा बाया माझ्या लेखांत डझनाने आहेत. अडकलेल्या, फसलेल्या, बिचाऱ्या. त्यातली एक दर तीन आठवड्यांनी माझ्या कपाळावर वाकून उभी होती.

नाही, हेही खरं कारण नाही. खरं कारण नी.

ॲसिडिटी. दिवसभर ताक.

२० ऑगस्ट, बुधवार

मनीषाकडे गेले. तारीख नव्हती, तरी गेले. अपॉइंटमेंट मला लागत नाही. मी दारात दिसले की ती आधीच्या बाईला म्हणते, "यांचं पाच मिनिटांत करते हां."

मला कळलंय हे नी.ने तिला सांगितलेलं. तिला माहीत आहे हे मला माहीत.

"वरचं कातडं धरा मॅडम. ताणून."

धरलं. दोरा फिरायला लागला. मी वाट बघत होते. पाच मिनिटांत तिने गॅस सिलिंडर, सिंहस्थासाठी खणून ठेवलेला रस्ता आणि गिरणीवाल्याची सून एवढं सांगितलं. उठताना म्हणाली, "नीलिमाताई लय भारी आहेत हां." 'लय' तिच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्याशी ती पेपरसारखं बोलते.

आणि ताई. मी बारा वर्षं मॅडम.

२४ ऑगस्ट, रविवार

नी. नाश्त्याला. अरुणने स्वतः जाऊन मिसळ आणली, तिला कमी तिखट हे लक्षात ठेवून. माझ्या लेखाचा कच्चा खर्डा तिने वाचला. मग भांडण. मोठ्याने नाही, आमच्या वयाचं.

ती: "अपमान झाला की नाही हे ठरवायला तू तिला का विचारत नाहीस?"

मी: "कारण तिला 'नाही झाला' असं म्हणावंच लागतं. नाहीतर ती जगेल कशी?"

ती: "म्हणजे ती हो म्हणाली तर खरी आणि नाही म्हणाली तर बिचारी. तुझ्या लेखात 'बिचारी' किती वेळा आलंय मोज."

मी: "आणि बघणाऱ्याचं काय? आख्खी एक पिढी बाई म्हणजे काय ते यातून शिकतेय. मारझोड, शिव्या, सगळं प्रेम म्हणून. तुझ्या मनीषाच्या फोनला खिडकी नाही, तिला तो बाजार दिसत नाही."

ती: "हे खरं आहे. हे मी लिहिणार आहे."

हेच. वाद घालायला बसावं आणि हिने आपला मुद्दा उचलून स्वतःच्या पिशवीत टाकावा.

मी: "ताकद म्हणतेस, ती कुणाची? ज्याची साइट त्याची. उद्या त्याने तिला बंद केलं तर ती कुणाकडे जाणार?"

ती: "पार्लरचा गाळा तरी कुठं तिच्या मालकीचा आहे? उद्या मालकाने काढलं तर?"

"मुद्दा आहे," अरुण पाव मोडत म्हणाला.

लग्नाला बत्तीस वर्षं झाली. माझ्या एखाद्या वाक्यावर तो "मुद्दा आहे" म्हणाल्याचं स्मरत नाही. "झालं का जेवायचं?" म्हणतो.

ती गेल्यावर मोजलं. 'बिचारी' चार वेळा. दोन काढले.

३० ऑगस्ट, शनिवार

लेख पूर्ण. २१९४ शब्द, मुदतीच्या सहा दिवस आधी. अरुणला दिला. चहाबरोबर वाचला. म्हणाला, "नेहमीसारखं. व्यवस्थित."

गणपतीची आरती वरच्या मजल्यावर. प्रसाद घेऊन आले. व्यवस्थित हा शब्द डोक्यातून जात नाही. कपड्यांच्या घडीला म्हणतात.

२ सप्टेंबर, मंगळवार

नी.चा लेख आला. मुदतीच्या तीन दिवस आधी! जिच्या लेखासाठी एका वर्षी मी मुखपृष्ठ अडवून ठेवलं होतं, तिचा. उशीर झाला असता तर मला चिडायला जागा मिळाली असती.

मी अंघोळीला गेले तेवढ्यात अरुणने टेबलावरून उचलला. बाहेर आले तर उभ्यानेच वाचत होता, चष्मा कपाळावर, कागद नाकाशी. चहा निवलेला. मला बघून मान वर केली नाही. शेवटचं पान संपवून पुन्हा पहिलं काढलं.

"काय लिहिलंय गं हिने," एवढंच.

मग मी वाचला.

पोस्टर तिच्याही लेखात आहे. मी आणि वसुधा, शिडी, डांबर, वडिलांचा पत्ता. सगळं माझ्यासारखंच. आणि मग ही ओळ: 'आम्ही त्या बाईच्या तोंडाला डांबर फासलं. निर्मात्याचं नाव खाली ठसठशीत होतं, त्याला आम्ही हात लावला नाही.'

मी शिडीवर होते. ब्रश माझ्या हातात होता. नाव माझ्या गुडघ्याशी होतं. तीस वर्षं हा किस्सा मी सांगतेय, आणि हे शिडी धरणारीला दिसलं.

आजवर जे लिहिलं त्यात धक्का, ॲसिडिटी असे शब्द वापरलेत. शब्द मत्सर आहे. निदान इथं तरी नेमका लिहावा.

३ सप्टेंबर, बुधवार

लेख पुन्हा वाचला, या वेळी संपादक म्हणून, लाल पेन घेऊन. लाल पेन लागलं नाही.

मनीषाचं बोलणं मध्ये मध्ये, तिच्याच भाषेत. 'मी कॅमेरा बंद केला की बंद होतो. नवऱ्याला बंद म्हणता येत नव्हतं.' आणि लगेच पुढे: 'एकदा माझाच व्हिडिओ दुसऱ्याच बाईच्या नावाने फिरताना दिसला. त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपलं काय आणि लोकांचं काय, कळेना.' आणि: 'ताकद-बिकद काय नाय. बाकी सगळं लोक ठरवतात, ही एक गोष्ट मी ठरवते. ती चांगली आहे असं म्हणत नाही मी.'

नी.ने कुठंही निकाल दिला नाही. ताकदीची बाजू लिहायला दिली होती, तिने ती पूर्ण घेतलीच नाही. संपादक म्हणून आक्षेप घेता आला असता. घेतला तर माझा लेख तिच्या शेजारी आणखी उघडा पडेल.

मग शेवटून तिसरा परिच्छेद. काल घाईत वरवर गेला होता. इथं उतरवून ठेवते.

'माझ्याकडे एक बाई येतात. खूप वर्षांपासून. शिकलेल्या, लिहिणाऱ्या. बायांच्या इज्जतीवर छान बोलतात, मला ऐकायला आवडतं. त्या बोलतात, मी दोरा चालवते. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही. भीतीने नाही. त्या ओरडल्या नसत्या, कुणाला बोलल्याही नसत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला असता. मग पुढच्या वेळी यायच्या तेव्हा माझ्याकडे बघून आधी त्यांचा चेहरा उतरला असता. व्हिडिओ बघणारे मला कसे बघतात ते मला माहिती आहे, ते मी सोसून घेतलंय. या बाई माझ्याकडे कसल्याच नजरेने बघत नाहीत. मनीषा काय गं, करतेस का पटकन, असं म्हणून खुर्चीत बसतात. अशी एकच गिऱ्हाईक आहे माझी. ती मी कशाला घालवू?'

(नाव नी.ने लेखात बदललंय. मी इथं खरं लिहिलं.)

हात हातात घेतला असता.

घेतलाच असता. मला माझा तो चेहराही माहीत आहे, भाषणानंतरच्या फोटोंमध्ये असतो.

४ सप्टेंबर, गुरुवार

काही लिहीत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पानं लागली. माझा लेख आठ पानांत बरोबर बसला. नी.चा आठ पानं आणि वर अकरा ओळी. तिने शब्द बरोबर २२०० दिले होते, पण संवाद जास्त, ओळी तुटतात, जागा खातात.

प्रमोद: "मॅडम, सोळा पानांचा एकच फॉर्म आहे, पान वाढणार नाही. अकरा ओळी तुमच्यातून काढू की त्यांच्यातून?"

दोघींच्या लेखातून थोडं थोडं काढता आलं असतं. रेखाचित्र लहान करता आलं असतं. माझा पोस्टरचा किस्सा, जो तिच्या लेखात जास्त चांगला आहे, तो अख्खा काढता आला असता. हे सगळं मला तेव्हाच, तिथंच दिसत होतं. एकोणीस वर्षं हेच करतेय.

मी पडद्यावर बोट ठेवलं. "हा परिच्छेद."

प्रमोदने मोजल्या. "बरोबर अकरा! काय नजर आहे मॅडम तुमची."

कारणं, प्रमोदला सांगितलेली: एक, जागा. दोन, 'शिकलेल्या, लिहिणाऱ्या बाई' वरून मागं जाऊन कुणी पार्लर शोधेल. अंकाच्या वकिलांनी बजावलंय, ओळख पटेल असं काही नको, कायदा तिच्याच मागं लागेल. दोन्ही कारणं खरी आहेत. कुणीही तपासावीत.

१५ सप्टेंबर, सोमवार

आमच्या अंकाचा नियम: शेवटचं प्रूफ लेखकाला दाखवल्याशिवाय फॉर्म छापायला जात नाही. नियम माझाच. पहिल्या वर्षी एका कवीने घरी येऊन भांडण केलं, तेव्हापासून.

नी.चं प्रूफ पाठवलं नाही. पाठवलं असतं तर तिला कळलं असतं.

दुपारी तिचाच फोन. "प्रूफ कधी पाठवतेस?"

"या वेळी छापखान्याची घाई आहे गं. मी बघितलंय नीट."

"तू बघितलंस ना, मग झालं. मला काय कळतंय त्यातलं."

भाचीच्या लग्नाच्या तारखेबद्दल बोलली. मी हं हं केलं. ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं, असं वाटतंय. ओरडायला तिला आधी कळायला हवं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

अंबडला छापखान्यात. परिसंवादाचा फॉर्म मशीनवर. पहिले ताव हातात घेतले, शाई ओली. तिच्या लेखाचं सातवं पान बघितलं. वरचा परिच्छेद आणि खालचा असे चिकटलेत की मध्ये काही होतं हे कुणाला सांगूनही पटणार नाही. काम सफाईचं झालंय. व्यवस्थित.

मशीनवाले विचारत होते, "लावू का पूर्ण?" त्या घटकेला थांबवता आलं असतं. एक प्लेट वाया गेली असती, एक दिवस गेला असता. या आधी एका जाहिरातीतल्या फोन नंबरसाठी थांबवलंय.

"लावा," म्हटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

अंक बाहेर. सकाळपासून फोन. सगळे परिसंवादाबद्दल. "दोन्ही लेख छान," असं सुरू करतात आणि मग नी.च्या लेखाबद्दल बोलतात. पोस्टरच्या ओळीवर तिघे थांबले. एकाने विचारलं, "त्या वसुधा म्हणजे तुम्हीच का हो, डांबर फासणाऱ्या?"

संध्याकाळी नी.

"वसू, अकरा ओळी गेल्या."

"मोजल्यास?"

"मूळ लेख समोर ठेवून वाचला. सवय."

"जागा नव्हती. आणि ओळख पटली असती."

ती म्हणाली, "कुणाची?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं, मनीषाची. टेबलावरचा अंक पालथा घातला.

ती म्हणाली, "मी तुला आधी विचारणार होते, हे ठेवू का म्हणून. मग म्हटलं ती संपादक आहे, तिला जे योग्य वाटेल ते करेल. मला वाटलं होतं तू ठेवशील." आवाज चढला नाही.

"रागावलीस?"

"विचार करतेय. तू मनीषाकडे जाऊन ये आधी."

अरुण विचारत होता, कुणाचा फोन. नीलिमाचा म्हटलं. "लेख काय सुंदर छापलाय तिचा," म्हणाला.

११ ऑक्टोबर, शनिवार

गेले. अंक पिशवीत नेला होता, पण तिच्या आरशाशी आधीच एक होता. नी.ने दिलेला.

मनीषाने मला बघून नेहमीसारखं हसून खुर्ची पुसली. एक बाई थांबली होती, तिला म्हणाली, "यांचं करून घेते हां." जिवात जीव आला.

डावी भुवई झाली. मग उजवीकडे येताना सहज, दोरा दातात धरून, "मॅडम, माझं एक त्यात आलं नाही. तुमच्यावरचं."

मी कातडं ताणून धरलेलं. डोळे मिटलेले.

"म्हणजे नाव नव्हतं तुमचं. पण तुम्हाला कळलं असतं. मी ताईंना म्हटलं होतं, बाकीचं टाका नाय टाका, तेवढं टाका. तोंडावर मला जमलं नसतं बोलायला. म्हटलं छापून आलं की मॅडम वाचतील, मग येतील, आणि तुम्हाला का नाही सांगितलं ते मला सांगावंच लागणार नाही." थोडं हसली. "छापखान्यात राहिलं असेल ना? तुम्हाला तर माहीतच नसेल काय होतं."

अंकात छापायच्या आधी सगळं मी वाचते हे तिला माहीत नाही! तिला वाटतं लेखक देतो आणि छापखाना छापतो. बारा वर्षं मी तिला अंकाचं काम रंगवून सांगतेय. तिने ऐकलं असेल, मी नीट सांगितलं नसेल.

हो म्हणायला जागा होती. छापखान्यात राहिलं. नी.कडून मूळ पान मागवून मी पहिल्यांदाच वाचल्याचं दाखवलं असतं. तसं डोक्यात पूर्ण जुळलंही. पाच सेकंद लागले असतील. मुदतीत काम करायची सवय.

"मी वाचलं होतं," म्हटलं. "मीच काढलं."

दोरा थांबला.

"का?"

जागा म्हटलं. मग ओळख म्हटलं. मग म्हटलं, "तू मला सांगितलं नाहीस. तिला सांगितलंस." चौदा वर्षांच्या पुढचं कुठलंही माणूस असं बोलत नाही, मी तर साठीला आलेय. थांबलेली बाई मोबाइलमधून वर बघायला लागली.

मनीषाने उजवी भुवई पूर्ण केली, नेहमीपेक्षा हळू. कोरफड लावली. आरसा हातात दिला. "सारख्या झाल्यात का बघा."

न बघता हो म्हटलं.

उठले. पर्स उघडली तर म्हणाली, "मॅडम, पुढच्या वेळी अपॉइंटमेंट घेऊन या."

दिवाळीची गर्दी असते. म्हणून म्हणाली असेल. तिने वही काढली, पान उघडलं. मंगळवारच्या रकान्यात, साडेदहाला, 'नीलिमाताई.' पेनाचं टोक खालच्या ओळीवर धरून माझ्याकडे बघत होती. राग दिसला नाही. दुसरं काही दिसलं असेल तर मला ओळखता आलं नाही.

"कुठला वार लिहू?"

"फोन करते," म्हटलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पुढच्या अंकात त्या अकरा ओळी छापायच्या तर वर्ष आहे. तोवर नी.च्या लेखाला खुलासा म्हणून आपल्या अंकाच्या पानावर, फेसबुकवर टाकता येतील. टाकायच्या तर मनीषाला विचारून. विचारायचं तर फोन.

साडेदहा वाजून गेले. नी. आत्ता तिथं खुर्चीत असेल. शटर अर्धं असेल की पूर्ण उघडं, काय बोलत असतील, हसत असतील का. माझ्याबद्दल असेल का. नसेल तर जास्त लागेल.

नंबर काढून ठेवलाय. वार ठरत नाही.